घरच्या पवनचक्कीचा दोषविचार

साहित्यशास्त्र शिकवताना दोषप्रकरण बहुधा घाईघाईने उरकले जाते. रस, ध्वनी, वक्रोक्ती यांना तासांमागून तास मिळतात. दोषांच्या वाट्याला सत्राच्या अखेरचे दोन तास येतात आणि तेही फळ्यावर यादी लिहून देण्यात संपतात. श्रुतिकटू, च्युतसंस्कृती, अप्रयुक्त, असमर्थ, निरर्थक... विद्यार्थी यादी उतरवून घेतात आणि परीक्षेत त्यांतली चार नावे लिहून मोकळे होतात. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात ही यादी देण्याआधी दोषाची व्याख्या केली आहे, तिच्यापाशी मात्र फारसे कुणी थांबत नाही. मुख्य अर्थाला जो बाध आणतो तो दोष, आणि मुख्य म्हणजे रस, असे तिचे तात्पर्य. म्हणजे दोष हा वस्तूला लागलेला डाग नव्हे. मुख्य काय ते ठरल्याखेरीज दोष कोणता ते ठरत नाही, असा हा क्रम आहे. आणि व्यवहारात आपण नेमका तो उलटा करतो.

ही व्याख्या माझ्यासाठी पुस्तकातून बाहेर आली ती एका घरगुती पवनचक्कीमुळे. ती हकीकत थोडी तपशिलात सांगणे भाग आहे.

पाटण तालुक्याच्या पश्चिमेकडील पठारावर आमचे गाव आहे. कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला वनकुसवड्याचे पठार, पलीकडे चाळकेवाडी आणि ठोसेघर. गेल्या शतकाच्या अखेरीपासून या सड्यांवर मोठमोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांची वीज उच्च दाबाच्या तारांवरून दूर निघून जाते, आणि पावसाळ्यात कुठे झाड पडून लाइन गेली की त्याच चक्क्यांच्या छायेत माणसे काडेपेटी शोधतात. यात कुणाला बोल लावायचा नाही. मोठ्या जाळ्यातील विजेचा तो स्वभावच आहे. पण समोर वाऱ्यावर एवढी यंत्रे फिरत असताना आपल्या घरात अंधार असावा, हे माझ्या थोरल्या भावाला, दादाला, फार लागत असे. एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे इंजिने उघडून जोडलेला तो माणूस. निवृत्तीनंतर गावी आला आणि २०२१ च्या दिवाळीनंतर फंडाच्या पैशांतून त्याने एक किलोवॅटची लहान पवनचक्की घेतली. पुरवठादाराचे म्हणणे असे की, घराची उंची आयती मिळते आहे, तर वेगळा मनोरा कशाला? म्हणून स्लॅबवरच दहा फुटांचा पाइप ठोकून चक्की बसवली गेली. खालच्या मधल्या खोलीत आईची खाट.

यंत्र तसे सोपे असते. तीन पाती, त्यांच्यामागे कायमचुंबकाचे जनित्र, वाऱ्याकडे तोंड वळवणारे शेपूट. जनित्रातून तीन तारा खाली येतात. त्यांतली उलटसुलट वाहणारी वीज डायोडच्या ब्रिजमधून एकमार्गी होते, नियंत्रकातून बॅटऱ्यांत साठते आणि इन्व्हर्टरमधून घरात येते. हे सगळे बसले, नारळ फुटला, पाती फिरली. बॅटऱ्या मात्र भरेनात.

पुढचे सहा महिने जो तो दोष शोधत होता. पहिला तंत्रज्ञ आला, त्याने बॅटऱ्या नासल्याचे सांगितले. त्या बदलल्या, फरक नाही. दुसरा आला, त्याने नियंत्रकाचा डबा काढून तपासायला नेला. तो पंधरवडाभर परत आला नाही. या पंधरवड्यात एक चमत्कार झाला. चक्की अशी भिरभिरू लागली की शेजारच्या वाडीतून माणसे पाहायला आली. "आता लागली बघा चक्की!" असे जो तो दादाला सांगू लागला. वास्तविक त्या दिवसांत ती एक दिवाही पेटेल इतकी वीज देत नव्हती, कारण तिला काही जोडलेलेच नव्हते. जनित्रावर भार असला की पात्यांना तो ओढावा लागतो आणि त्यांची गती आवरली जाते. भार निघाला की त्या उधळतात. चांगला वारा असताना चक्की अशी मोकळी सोडणे धोक्याचेही असते; पाती तुटतात, जनित्राचा दाब भलताच चढतो. म्हणजे गावाला जो तिचा उत्कर्षाचा काळ वाटला तो तिचा सर्वांत निष्फळ आणि सर्वांत धोक्याचा काळ होता. गावाच्या लेखी पवनचक्कीचा मुख्य अर्थ 'फिरणे' हा होता. तो अर्थ धरला की न फिरणे हा एकमेव दोष उरतो.

डबा परत आला, जोडला, आणि चक्की पुन्हा कण्हत कण्हत फिरू लागली. आता गावाचा निष्कर्ष पक्का झाला: डबा काढला की फिरते, लावला की मरते, तेव्हा डबाच खराब. गंमत अशी की हा निष्कर्ष बरोबर होता आणि त्याचे कारण चुकीचे होते. भार लावल्यावर गती कमी होणारच. त्यावरून डब्याला दोष देता येत नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. बरोबर उत्तराखाली चुकीची रीत सापडली की गुण किती द्यायचे, हा आपला जुना प्रश्न आहे.

खरे कारण शोधले ते पाटणच्या बाजारपेठेत मोटारी भरून देणाऱ्या एका कारागिराने. त्याने आधी तिन्ही तारा डब्यापासून सोडवल्या आणि दोन-दोनच्या जोडीने त्यांवरचा दाब मोजला. तिन्ही जोड्या सारख्या भरल्या, म्हणजे वरचे जनित्र धड. मग तारांची टोके एकत्र गुंडाळली. पाती जागच्या जागी मंदावली, म्हणजे तारही कुठे तुटलेली नाही. मग त्याने ब्रिजमधला एकेक डायोड तपासला. डायोडने वीज एका बाजूने जाऊ द्यावी, दुसऱ्या बाजूने अडवावी. त्यांतला एक दोन्ही बाजूंनी वाट देत होता. त्यामुळे जनित्राची वीज बॅटरीपर्यंत न जाता स्वतःतच फिरून येत होती आणि पात्यांना ब्रेक लागल्यासारखे होत होते. हजाराच्या आतली वस्तू. ती बदलली आणि त्या रात्री बॅटरीच्या मीटरचा काटा पहिल्यांदा हलला. मला त्या माणसाची पद्धत मनापासून आवडली. तो यंत्रावर कोणताही अर्थ लादत नव्हता. एक जागा सोडवायची, तिच्या अलीकडचे धड आहे की पलीकडचे एवढेच विचारायचे, आणि उत्तर येईल त्या बाजूला सरकायचे. संहितेचे पाठ लावणारे जुने संपादक याहून वेगळे काय करत असतील?

इथे गोष्ट संपायला हवी होती. दोष सापडला, दूर झाला, दादाने पेढेही आणले. पण आईचे समाधान झाले नाही.

आईचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात. पहिल्यापासून ती एकच तक्रार करत होती: "रातीला घर दळतंय." पाइपमधून उतरणारी घरघर स्लॅबमधून भिंतीत आणि भिंतीतून तिच्या खाटेत येई. डायोड बदलल्यावर मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "दळण हलकं झालंय. पर खुंटा अजून ढिलाच हाय." आयुष्याची पहिली तीस वर्षे पहाटे जात्यावर बसलेल्या बाईचा हा कान होता. जड दळण वेगळे आणि खुंटा हलत असताना होणारा ठोका वेगळा, हे दोन आवाज ती पहिल्या दिवसापासून निरनिराळे ऐकत होती. मीटरवर एक दोष होता. तिच्या कानावर दोन होते.

तिचे बरोबर होते हे लवकरच दिसले. चक्की आता वीज देत होती, पण भर वाऱ्याच्या दिवशीही पाव युनिट हाती लागताना मुश्कील. आणि पाइप जिथे स्लॅबला आवळला होता तिथे एक भेग दिसू लागली होती. दादाने पाती उतरवून वाण्याच्या काट्यावर तोलली, तिन्ही सारखी. बेअरिंग पाहिले, बोल्ट आवळले. यंत्रात काही सापडेना. भेग मात्र वाढत होती आणि तिच्याखाली आई झोपत होती. २०२२ च्या मे महिन्यात, पाऊस तोंडावर आलेला असताना मी दादाला सरळ सांगितले, "दादा, एक तर चक्की उतरव, नाहीतर आईला मी कराडला नेते." दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आई घर सोडायला तयार नव्हती. आणि चक्की उतरवणे म्हणजे केवळ पैसे बुडणे नव्हते. तीस वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या चालू करून दिलेल्या माणसाने स्वतःच्या छपरावरच्या यंत्रापुढे हात टेकणे होते, आणि तेही सगळ्या गावादेखत.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो एक लांब बांबू घेऊन गच्चीवर चढलेला दिसला. बांबूला दर दोन फुटांवर त्याने जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या होत्या. ही युक्ती त्याने कुठेतरी वाचली होती. पश्चिमेचा वारा चांगला सुटला होता. सर्वांत वरची चिंधी सरळ पूर्वेकडे ताठ उभी. मधल्या दोन कधी इकडे, कधी तिकडे फडफडत होत्या. आणि चक्कीच्या उंचीच्या खालची चिंधी चक्क उलटी, वाऱ्याच्या तोंडाकडे, वळून वळून जात होती. एका बांबूवर तीन वारे. घराची भिंत वाऱ्याला आडवी येते, तो तिच्यावरून उसळतो, गच्चीच्या काठावर फुटतो आणि छपरावर त्याचे भोवरे होतात. पश्चिमेच्या आंब्याने त्यात भर घातलेली. या भोवऱ्यात चक्कीचे शेपूट घडीघडीला दिशा बदलत होते. वेगाने फिरणारे चाक असे आडवे वळवले की ते झटके देते. आईचा ढिला खुंटा तो हाच.

दोष यंत्रात नव्हता. तो यंत्र आणि वारा यांच्या नात्यात होता. पवनचक्कीत मुख्य काय, तर वारा. पाती, जनित्र, तारा, बॅटऱ्या हा सगळा त्याचा अनुवाद. आणि हे मूळ किती कठोर असते याचे गणित आहे. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाने बदलते. दादाच्या चक्कीवर लिहिलेला एक किलोवॅट हा सेकंदाला १२ मीटर वेगाच्या, म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटरच्या वाऱ्यातला. वेग त्याच्या एक तृतीयांश, ४ मीटर झाला, तर वीज तिसरा हिस्सा होत नाही, सत्ताविसावा हिस्सा होते: ३७ वॉटच्या आसपास. शिवाय वाऱ्यातली सगळी शक्ती कोणत्याच यंत्राला घेता येत नाही. ५९.३ टक्के ही तिची वरची मर्यादा आल्बर्ट बेट्झ याच्या नावाने ओळखली जाते, कारण सगळी शक्ती काढून घेतली तर वारा पात्यांमागे थांबेल आणि पुढच्या वाऱ्याला वाटच राहणार नाही. छपरावरच्या चक्क्यांचे पितळ तर केव्हाच उघडे पडले आहे. २००७ ते २००८ या काळात इंग्लंडमध्ये वॉरिक चाचण्या म्हणून ओळखल्या गेलेल्या पाहणीत इमारतींवर बसवलेल्या २६ लहान चक्क्यांची मोजमापे घेतली गेली. बहुतेकांचे उत्पन्न अपेक्षेच्या पुष्कळ खाली भरले, आणि काही तर रहिवाशांच्या आवाजाच्या तक्रारींमुळे बंद ठेवाव्या लागल्या. तेव्हा आईची तक्रार एकटीची नव्हती.

या काळात दादाने उलटसुलट करून पाहिलेल्या दोन गोष्टींबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. फार जोराचा वारा आला की त्याच्या चक्कीचे शेपूट दुमडते आणि पाती वाऱ्यापासून तोंड फिरवतात. दादाला हा दोष वाटे: ऐन कमाईच्या वेळी ही पाठ का फिरवते? दुसरे असे की बॅटऱ्या भरल्या की नियंत्रक उरलेली वीज एका जाड रोधकात जाळून टाकतो. पाहणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. पण शेपूट दुमडले नाही तर वादळात पाती टिकणार नाहीत. आणि वीज जाळली नाही तर भार सुटून चक्की उधळेल. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त श्रुतिदुष्टासारखे दोष अनित्य मानले आहेत. कानाला टोचणारी वर्णरचना शृंगारात वर्ज्य. रौद्रात तीच साजते. ही सूक्ष्म भेदरेषा मी आजवर उदाहरणश्लोकांनी समजावून देत असे. आता मी दुमडणाऱ्या शेपटाचा दाखला देते आणि विद्यार्थ्यांना तो चटकन पटतो.

असो. चक्की उतरवायची ठरली, पण बसवायची कुठे? लहान चक्कीबाबतचा ठोकताळा असा आहे की, शे-दीडशे मीटरच्या परिघात जे काही उंच असेल त्याच्या वर निदान ३० फूट ती असावी. आमच्या आवारात हे शक्य नव्हते. दादा नकाशा काढून बसला होता. आई ओसरीवरून म्हणाली, "खळ्यावर न्या की. तितं दोनी वारं लागत्यात."

घराच्या दक्षिणेला दोनशे फुटांवर जांभ्या दगडाचा एक उघडा उंचवटा आहे. तिथे आमचे खळे होते. नाचणीची शेती आटली, मळणी यंत्रावर गेली आणि गेली वीस वर्षे तिथे गवत आहे. वावडी, म्हणजे उफणताना उभे राहायची ती उंच तिवई, माळ्यावर पडून आहे. आईने मग सांगितले ते असे: उफणायला जोराचा वारा चालत नाही. जोर झाला तर भुसाबरोबर दाणाही उडून जातो. आणि भोवऱ्याचा वारा तर मुळीच नको. भूस फिरून पुन्हा राशीत पडते. वारा धरून राहणारा हवा. म्हणून खळे घराजवळ नव्हते, आंब्याच्या आडोशाला नव्हते. सासऱ्यांच्याही आधीच्या कुणीतरी कितीतरी हंगाम सूप हातात घेऊन, वारे पाहून ती जागा ठरवली होती. आपल्या भाषेतली वाऱ्याची क्रियापदे याच खळ्यांवर घडली असावीत, असे मला आईचे ऐकताना वाटत राहिले. वारा सुटतो, पडतो, फिरतो, धरतो, खेळतो, कोंडतो. चिंध्यांच्या बांबूवर आम्ही जे पाहिले त्याला तिच्याजवळ आधीच शब्द होता: छपरावरचा वारा 'खेळत' होता, 'धरत' नव्हता.

दादाने तिचे म्हणणे ऐकून घेतले, पण लगेच मान्य केले नाही. त्याचा मुद्दा रास्त होता. उफणणी थंडीत, पूर्वेच्या हलक्या वाऱ्यावर होते. चक्कीची खरी कमाई आषाढ-श्रावणात, पश्चिमेच्या वाऱ्यावर. एका वाऱ्याची जागा दुसऱ्याला चालेलच कशावरून? म्हणून चक्की खाली उतरवून, आईच्या खोलीवरचा पाइप काढून, त्याने तो बांबू वर्षभर खळ्यावर उभा ठेवला. पावसाळ्यात आणि थंडीत, दोन्ही वेळा चिंध्या एका ओळीत उभ्या राहिल्या. मग २०२३ च्या मे महिन्यात खळ्यावर ४० फुटांचा पाइप उभा राहिला: चारी बाजूंनी ताणाच्या तारा, आणि दुरुस्तीसाठी कप्पीने आडवा निजवता येईल असा पायथा. अंतर वाढले म्हणून तार जाड घ्यावी लागली आणि तिचा खर्च चक्कीच्या निम्म्यावर गेला. वाऱ्याला शरण जाण्याची ही किंमत होती, असे दादा म्हणतो.

शिक्षकाचा आणि पवनचक्कीचा संबंध तसा जुना आहे. १८९१ मध्ये डेन्मार्कमधील आस्कोव येथे पोल ला कूर यांनी वीज निर्माण करणारी पवनचक्की उभारली. ते तिथल्या लोकविद्यालयात शिकवत. ग्रुंटविग यांच्या विचारांतून निघालेली ही विद्यालये शेतकऱ्यांच्या मुलांना इतिहास, काव्य आणि गाणी शिकवण्यासाठी होती. त्याच परिसरात ला कूर यांनी पात्यांचे प्रयोग केले, वाऱ्याची वीज हायड्रोजनच्या रूपाने साठवून विद्यालयात दिवे लावले आणि खेड्यांतून वीजतंत्री तयार केले. भाषा शिकवणारे आणि तारा जोडणारे एका छताखाली बसत होते, याचे मला आज अप्रूप वाटते. आमच्या घरी मोटार भरणारा, एस.टी.चा यांत्रिक आणि जात्यावर दळलेली बाई यांना एकमेकांचे ऐकायला दीड वर्ष लागले. तिघांकडेही खरे ज्ञान होते. त्यांतले एकच ज्ञान 'तांत्रिक' या नावाने ओळखले जात नव्हते, म्हणून ते शेवटी विचारले गेले. विचारले गेले हेही बरोबर नाही. ते ओसरीवरून आपणहून बोलले.

चक्की आता चांगल्या आषाढात दिवसाला चार युनिटांपर्यंत वीज देते. थंडीत अर्ध्या युनिटावर येते, म्हणून दादाने शेजारी सौर तावदाने लावली आहेत. वर्षाकाठी ती निजवून ग्रीस द्यावे लागते, ताण तपासावे लागतात. स्लॅबमधली भेग भरून घेतली आहे आणि आई त्याच खोलीत झोपते.

दादा रोज संध्याकाळी मीटर पाहून एका वहीत नोंद करतो. तारीख, वारा, युनिट आणि शेरा असे चार रकाने. गेल्या मार्गशीर्षात मी ती वही चाळली. एका पानावर सलग सहा दिवस युनिटच्या रकान्यात शून्य होते. पूर्वीचा दादा असता तर पाना घेऊन खळ्यावर गेला असता. शेऱ्यात त्याने सहाही दिवस एकच ओळ लिहिली होती: वारा पडला आहे, दोष नाही.